सहा मिनिटांची भेट

चारला दहा मिनिटं कमी होती आणि सिस्टर मास्तरांच्या शेजारच्या रिकाम्या खाटेवरची चादर बदलत होत्या. पायांचे तुकडे पडले होते. जोडीची सिस्टर आजारी, त्यामुळे कालपासून दुसरी पाळीही यांच्याच गळ्यात आली होती. चादर बदलणं खरं तर त्यांचं काम नव्हतं. पण चारच्या सुमारास मास्तरांना नेमकं होतं काय, ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्या आज हलणार नव्हत्या.

मास्तर म्हणजे शाळेतले निवृत्त कवायत मास्तर. चाळीस वर्षं मैदानावर शिट्टी फुंकली आणि म्हातारपणी फुप्फुसांनीच दगा दिला. नाकाला ऑक्सिजनची नळी, मिनिटाला दोन लिटर. बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला की दिवसभर आकडा यायचा ब्याण्णव. सव्वाचारच्या फेरीला मात्र पंच्याऐंशी, कधी चौऱ्याऐंशी. आठ दिवस हेच चाललं होतं. सिस्टरांनी नळी बदलली, मीटर बदलला, ऑक्सिजन ज्यातून येतो ती पाण्याची बाटली धुऊन पुन्हा भरली. चिमटा स्वतःच्या बोटाला लावून पाहिला, तर अठ्ठ्याण्णव. नुसता ऑक्सिजन वाढवून भागणार नव्हतं. या दुखण्यात जास्त झालेलाही बाधतो. डॉक्टर काल म्हणाले होते, आजही आकडा पडला तर उद्या आयसीयूत हलवू. तिथे भेटायला कुणाला आत सोडत नाहीत.

तसंही मास्तरांना भेटायला कोण बसत होतं? चार ते पाच भेटायची वेळ. बाकीच्यांची माणसं पाच वाजून गेले तरी जागची हलत नाहीत, त्यांना हाकलता हाकलता सिस्टरांचा घसा बसायचा. मास्तरांची बायको मात्र चारला यायची आणि सहाव्या मिनिटाला पिशवी उचलून चालू लागायची. ती गेली की मास्तर म्हणायचे, "गॅसवर दूध ठेवून आल्यासारखी येते आणि जाते." मग भिंतीकडे तोंड करून पडायचे. सिस्टरांच्या मनातून ती बाई पार उतरली होती. परवा तर तिने कमालच केली. जाताना सिस्टरांच्या हातात मऊ सुती कापडाच्या दोन बारीक गुंडाळ्या ठेवल्या. "यांच्या कानामागे रुततं हो," एवढंच बोलली आणि निघाली. मास्तरांच्या चष्म्याच्या काड्यांची एवढी काळजी, आणि माणसाजवळ बसायला हिला सवड नाही. सिस्टरांनी गुंडाळ्या खिशात कोंबल्या आणि विसरून गेल्या.

आता ती वॉर्डाच्या पलीकडच्या टोकाला, दारात दिसली. मास्तर लगबगीने उठून बसले. त्यांनी नळी नाकावरून काढली, तशीच चालू ठेवून उशीखाली सारली आणि गालावरचे वळ तळहातांनी चोळले. उशीतून बारीक सूं सूं आवाज येऊ लागला. सिस्टरांच्या हातातली चादर हातातच राहिली. आठ दिवस जिवाला घोर लागला होता, तो यासाठी. त्या ताडकन पुढे निघाल्या आणि एक पाऊल टाकून थांबल्या. बायकोदेखत माणसाचं पितळ उघडं पाडायचं त्यांच्या जिवावर आलं.

ती येऊन स्टुलावर टेकली. पिशवी मांडीवरच धरलेली.

"आज बागेत दोन फेऱ्या मारल्या," मास्तर म्हणाले. आवाज मैदानावरचा, पण दर दोन शब्दांनी तुटत होता.

"हो का?" ती म्हणाली. ती त्यांच्या डोळ्यांकडे पाहतच नव्हती. ओठांकडे पाहत होती. थोड्या वेळाने तिने पिशवीचा बंद मुठीत घट्ट धरला.

सिस्टरांनीही तेव्हाच ते काळपट पडू लागलेले ओठ पाहिले आणि मग मात्र मागचापुढचा विचार केला नाही. उशी उचलली, नळी ओढून काढली आणि मास्तरांच्या नाकाला लावली. हात जरा जोरातच चालला.

"मला... लागत नाही ती," मास्तर म्हणाले.

"उद्या आयसीयूत जायचंय का?"

मास्तरांनी मान खाली घातली. सिस्टर बायकोकडे वळल्या. दोन पाळ्यांचा सगळा शीण त्यांच्या आवाजात उतरला होता. "तुमच्यासाठी काढून ठेवतात ते. तुम्हाला दिसू नये म्हणून. रोज."

बाई दचकली नाही. तिने फक्त हात पुढे केला. "परवाच्या त्या गुंडाळ्या आहेत का हो, सिस्टर?"

सिस्टरांनी खिसा चाचपून त्या काढून दिल्या. तिने गुंडाळ्या घेतल्या आणि एकेका कानामागे, नळी कातडीला घासून लाल झालं होतं तिथे, अलगद सरकवल्या. मास्तरांचा चष्मा टेबलावर मिटून पडलेला होता. वाचण्यापुरताच लावायचे ते. सिस्टरांना तो आत्ता दिसला, आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"तुला माहीत होतं?" मास्तरांनी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून. तुम्हाला दाखवायचं नव्हतं, म्हणून मी बघितलं नाही. ओठ काळे पडायला लागले की उठायचे, म्हणजे तुम्हाला ती परत लावता यावी."

मास्तरांचा श्वास हळूहळू लांब होऊ लागला. तिने मांडीवरची पिशवी खाली जमिनीवर ठेवली आणि स्टूल खाटेच्या अगदी जवळ ओढून घेतलं.

"सिस्टर," ती म्हणाली, "आज पाच वाजले की मला हाकलायला या."