कस्तुरीचे गुलाब

सूर्यकांतांनी बादलीतल्या पाण्यात बुडवूनच प्रत्येक देठ तिरका कापला. पाण्याखाली जाणारी पानं खुडली, बरणीत चमचाभर साखर आणि लिंबाचे चार थेंब टाकले. आज अकरावा दिवस, पण एकाही गुलाबानं मान टाकली नव्हती. कारखान्यात तीस वर्षांत एक नग न बिघडवलेला माणूस तो, फुलं काय बिघडवतोय!

ही सगळी विद्या लेकीची, कस्तुरीची. कानडी मुलखात, देवनहळ्ळीजवळच्या फुलांच्या नर्सरीत ती नुकतीच नोकरीला लागली होती. अकरा दिवसांपूर्वी धावती येऊन हे गुलाब आईला देऊन गेली; आता फेब्रुवारीत परदेशी जाणाऱ्या गुलाबांची धांदल, तिला पुन्हा घरी यायला सवड कुठली! आईचं दुखणं हाताबाहेर गेलंय, हे तिला ठाऊकच नव्हतं. शुभदाताईंनी नवऱ्याला शपथ घातली होती, "माझ्या आजारासाठी तिला बोलवायचं नाही. यायचं तेव्हा आपण होऊन येईल." डॉक्टर तर आता आठवड्याच्या पुढचं बोलतच नव्हते. लेकीचे गुलाब बायकोच्या उशाशी ताजे ठेवायचे, एवढंच सूर्यकांतांच्या हातात उरलं होतं. पिकल्या फळाजवळ फुलं टिकत नाहीत म्हणून त्यांनी केळीसुद्धा स्वयंपाकघरात नेऊन ठेवली होती.

बाहेरच्या खोलीत फोन वाजला.

"बाबा, गुलाब सुकले का हो?"

"छे! अगदी टवटवीत आहेत."

"अरे वा! सरी, बरंय मग. इकडं स्वल्प गडबड आहे बाबा, ठेवते."

हे तिनं चौथ्यांदा विचारलं होतं. सूर्यकांत शाबासकी मिळाल्यासारखे आत आले.

"कस्तुरीचा फोन होता. सांगितलं, गुलाब अजून तस्सेच आहेत म्हणून!"

शुभदाताईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"अहो, सुकू द्या ना ते आता," त्या हळूच म्हणाल्या. "सुकले की नवे घेऊन येते, असं सांगून गेलीय ती मला."

सूर्यकांत मटकन खुर्चीत बसले. अकरा दिवस आपणच लेकीची वाट अडवून धरली होती. त्यांना रडू आवरेना.

मग ते उठले. बरणीतले गुलाब काढून गच्चीच्या तापल्या फरशीवर पसरले आणि शेजारीच बसून राहिले. दुपारी पाकळ्या कडेनं काळ्या पडल्या, तसे ते खाली आले. त्यांनी नर्सरीत फोन लावला.

"कस्तुरी," ते म्हणाले, "माझ्या हातून बिघडले गं सगळे गुलाब. नवे घेऊन ये."