तळव्याआडची चिठ्ठी

अगं, ऐक तर! आयोवातल्या एका शाळेच्या जिममध्ये मामाच्या पक्षाची सभा होती. राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार निवडायला प्रत्येकाने कोऱ्या चिठ्ठीवर नाव लिहायचं. मामा पक्का रिपब्लिकन. मी स्टुडंट व्हिसावरची भाची, नुसती बघायला गेलेली.

एका उमेदवाराचा माणूस माइकवर ओरडला, “बाहेरून आलेल्यांना परत पाठवू!” सगळे उठून टाळ्या वाजवायला लागले. सगळ्यात जोरात आमचा शेजारी डेल, बर्फ पडला की आमच्या दारापुढचा ड्राइव्हवे साफ करून देणारा! मामाही उठला. टाळ्या वाजवताना माझ्याकडे बघत होता, चेहरा पांढराफटक.

मग मामाने परीक्षेतल्या पोरासारखा हाताचा आडोसा केला आणि दुसऱ्याच उमेदवाराचं नाव लिहिलं. मी मागून पाहिलं ना! डेलनेही चिठ्ठीवर टोपी धरली होती.

गाडीत बसताच मामाने दारं लॉक केली. “डेलला दिसलं नसेल ना गं? इथं राहायचंय आपल्याला.”

सकाळी ढीगभर बर्फ, आणि दारावर थाप. मामाने दार किलकिलं केलं. बाहेर डेल, फावडं घेऊन. इकडेतिकडे बघत कुजबुजला, “काल माझी चिठ्ठी तुला दिसली नाही ना?”