बंद रकाना

सोनियाच्या नावापुढचं जन्मसाल पुन्हा बदललं होतं. काल संध्याकाळी नूतन घरी गेली तेव्हा तिथं २००९ होतं. आज सकाळी फॉर्म उघडला, तर २००७.

तिनं लगेच विंझरच्या नोंदणी केंद्रावर फोन लावला.

"स्वरूप, पासलीच्या त्या मुलीचं साल तू बदललंस?"

"व्हय ताई. तिचे वडील येऊन बसले व्हते. म्हणाले, चुकलंय, नीट कर. म्हणून केलं."

"कागद बघितलास?"

"न्हाई. कागद भोरला तुमच्याकडं दिलाय म्हणाले."

नूतननं फोन ठेवला आणि पुन्हा २००९ टाकलं. आठवड्यातली ही तिसरी वेळ.

सामुदायिक विवाहाचा तो फॉर्म. बावीस जोडपी, फाईल एकच, आणि ती भोर-विंझर दोन्हीकडून उघडायची. कुणीही भरावं, कुणीही खोडावं. मंडळाचे अध्यक्ष आनंदराव त्यापायी धास्तावले होते. गेल्या वर्षी ऐन हळदीत एक नवरी सतरा वर्षांची निघाली आणि मंडळाची लाज गेली.

"एकदा भरलेल्या रकान्याला परत कुणाचा हात लागू नये, असं काही करता येईल का गं?" त्यांनी सोमवारी विचारलं होतं.

करता येत होतं. तिनं दोन दिवस खपून मॅक्रो, म्हणजे फाईलीत चालणारा छोटा प्रोग्रॅम, लिहिला. रकाना भरून पुढं गेलं की मागचा आपोआप बंद. उघडायचा तर पासवर्ड हवा.

"पासवर्ड तुझ्यापाशीच ठेव. मला सांगू नकोस," आनंदराव म्हणाले होते. "माझ्या ओळखी फार. कुणी पाया पडलं की मी विरघळतो."

आज तिनं तो मॅक्रो चालू केला. कर्सर सोनियाच्या सालावरून पुढं सरकवला. रकाना करडा झाला. तिनं त्यावर दोनदा टिचकी मारून पाहिली. हलला नाही. तरी तिच्या जिवाला चैन पडेना. यादी चार वाजता छापायला जायची होती, आणि ती सारखी दाराकडे बघत होती.

बाराच्या सुमाराला मानसिंग आले. सोनियाचे वडील. दोन एस.टी. बदलून आले होते, अंगातला सदरा घामानं चिकटलेला.

"बाई, पोरीचं साल परत चुकलंय म्हनं. एकोणीस हाय तिला."

"शाळेचा दाखला आणा, काका."

"दिला की! तुमच्याच हातात दिला, ह्याच टेबलावर."

"माझ्या फायलीत नाही," नूतन म्हणाली. तिनं फाईल त्यांच्यासमोर सरकवली.

मानसिंग एकेक पान उलटत बसले. त्यांना धड वाचता येत नव्हतं, तरी त्यांनी शेवटपर्यंत उलटली. आवाज ऐकून आनंदराव आतून बाहेर आले.

"मानसिंगराव, वर्षभर थांबायला काय झालं?"

"मुलाकडचे थांबायचे न्हाईत, साहेब. आन् पोरगी रोज उजाडायला डोंगरावर पळत सुटती. गाव नावं ठेवतंय. लगीन झालं म्हंजी पाय घरात राहतील."

"म्हणून वय वाढवायचं?"

"म्या न्हाई वाढवलं!" मानसिंगांचा आवाज फाटला. "खोटं बोलायची आमची रीत न्हाई."

"शाळेतून दुसरा दाखला आणा मग."

"शाळेला आज-उद्या सुट्टी हाय. सोमवारी मिळंल."

आनंदरावांनी नूतनकडे पाहिलं. "उघडता येईल का गं?"

"येईल," ती म्हणाली. तिनं फाईल मिटून जवळ ओढली. "पण कागदाशिवाय एकासाठी उघडलं, तर उद्या सगळेच येतील."

आनंदराव क्षणभर घुटमळले. मग मान हलवून आत गेले. मानसिंगांनी टोपी काढली, हातात चुरगाळली, पुन्हा घातली आणि पायऱ्या उतरले.

चार वाजता यादी गेली. एकवीस जोडप्यांची.

शनिवार-रविवार नूतननं मोबाईल हातातून खाली ठेवला नाही. स्वयंपाकात दोनदा मीठ विसरली. आईनं विचारलं, काय झालंय? ती म्हणाली, काही नाही, कामाचा ताण.

सोमवारी दहाच्या सुमाराला फोन वाजला. मागं शिट्ट्या ऐकू येत होत्या आणि एका तालात पडणारी पावलं.

"ताई, मी सोनिया. पोलीस ट्रेनिंगला घेतलं मला आत! गेटावरच्या मॅडमनी वय विचारलं."

"काय सांगितलंस?"

"एकोणीस पूर्ण. तुम्ही मला दिलेला दाखलाही दाखवला."

"बरं केलंस," नूतन म्हणाली. "तिथं खोटं चालत नाही."