पाळण्याची चाल

“काकू, परत एकदा म्हणा. आणि जरा स्लो,” गाडी चालवता चालवता स्वानंदी म्हणाली. बाहेर बर्फ भुरभुरत होता.

पद्मजाकाकू शेजारी बसून पुटपुटत होत्या. मांडीवर पर्स, पर्समध्ये चिपळ्या. आख्यान प्रल्हादाचं होतं, भाषा मात्र जर्मन. अमेरिकेतल्या ॲन आर्बरमध्ये जर्मन बोलणाऱ्यांचं एक मंडळ होतं; त्याचा आज नाताळाआधीचा मेळावा होता आणि त्यात काकू कीर्तन करणार होत्या.

कल्पना स्वानंदीची. पुण्यात जर्मनच्या सगळ्या परीक्षा देऊन ती इथे पीएचडीला आली होती. काकूंची ओळख झाली ती गणपतीत. काका गेल्यावर त्या मुलाकडे, निहारकडे, कायमच्या राहायला आल्या होत्या. अंबाड्यात फूल, गोरा रंग, घारे डोळे.

“काकू, तुम्ही कोकणस्थ ना?” तिनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

“लग्नानं झाले,” काकू हसून म्हणाल्या होत्या.

काकूंना थोडं जर्मन येतं हे कळल्यावर तर तिला सोबतच मिळाली. कुठे शिकलात म्हटलं, तर काकू म्हणाल्या, “लहानपणी. आता गंज चढलाय.” बाकी त्यांचं बोलणं सगळं कीर्तनाचं. कुठल्या बुवांचा आवाज कसा, कुणी कुठल्या देवळात श्रोत्यांना कसं रडवलं. “माझी शाळाच ती,” म्हणायच्या.

दर गुरुवारी मंडळाची कॉफी असे. तिथे काकू ऐकायच्या फार, बोलायच्या कमी. वाक्य अर्ध्यावर आलं की पुढचा शब्द मराठीच यायचा. मग मंडळाचा दाढीवाला मार्कुस प्रेमानं इंग्रजीत मदत करायचा, आणि त्या आणखीच ओशाळायच्या.

एकदा त्यानं त्यांच्या नावाचा अर्थ विचारला. “कमळातून जन्मलेली. लग्नात मिळालेलं नाव आहे हे. नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलं.” तांदळात नाव लिहितात हे सगळ्यांना इतकं आवडलं की पुढचं काही विचारायचं राहूनच गेलं.

“आज एक अख्खी गोष्ट सांगता आली पाहिजे,” काकू आता म्हणाल्या. “नाही जमलं, तर पुढच्या गुरुवारपासून मी काही येत नाही बघ.”

“असं काय यार काकू. आपण फॉरेनर. आपल्या चुका चालतात.”

“तुझ्या चालतात,” काकू म्हणाल्या.

स्वानंदीला हसू आलं. “बरं, ध्रुवपदाला ती चाल कुठली घेतलीत? कीर्तनातली नाही वाटत.”

“पाळण्याची आहे. आई म्हणायची.”

चर्चच्या हॉलमध्ये मेणबत्त्या लागल्या होत्या. दालचिनी-लवंगा घातलेल्या गरम वाइनचा वास दरवळत होता. हीटरजवळच्या खुर्चीत मार्कुसची आजी बसली होती, लोटे. नातवाकडे नाताळाला आलेली, पंच्याऐंशीची, मान छातीवर टेकलेली.

“तिला सगळं कंटाळवाणं वाटतं,” मार्कुस कानात म्हणाला. “तिकडे डोंगरातल्या खेड्यातली आहे ना, बोलीच वेगळी. माझं जर्मनसुद्धा तिला पुस्तकी वाटतं.”

काकू उभ्या राहिल्या. पदर खोचला, डोळे मिटून नमस्कार केला, चिपळ्या वाजल्या. तिसऱ्याच वाक्याला शब्द हरवला. स्वानंदीनं ओठ हलवून सुचवला, पण काकू तिच्याकडे बघतच नव्हत्या. हॉलमध्ये खुर्च्या करकरल्या.

काकूंनी मोठा श्वास घेतला आणि गोष्ट सोडून ध्रुवपदच धरलं.

काय झालं कोण जाणे, चालीला धरून शब्द आले. एकामागून एक, जणू इतका वेळ दाराबाहेरच उभे होते. नारदांच्या आश्रमात कयाधू भजन ऐकतेय. पोटातल्या बाळाला वाटतंय, आपली आईच गातेय. “आणि पोटात असताना जे ऐकलं,” काकू म्हणाल्या, “ते हिरण्यकशिपूलासुद्धा पुसता आलं नाही.”

मग त्यांना आवरणं कठीण झालं. मार्कुसला त्यांनी खांब केलं. तो हातात वाइनचा पेला धरून ताठ उभा राहिला. नरसिंह असा काही गरजला की खांबानं पेला सांडला आणि सगळा हॉल खो खो हसला. टाळ्यांचा ठेका सगळ्यांचा चुकत होता, पण धरला होता सगळ्यांनी.

शेवटी काकूंनी पुन्हा ध्रुवपद घेतलं. आणि हीटरजवळून दुसरा आवाज आला.

लोटेआजी गात होती. चाल तीच, शब्द वेगळे. पातळ, थरथरता आवाज, पण एक सूर चुकत नव्हता. हसणं थांबलं. चिपळ्या थांबल्या. आजीनं बोटानं काकूंना जवळ बोलावलं, त्यांचं मनगट पकडलं आणि चेहरा निरखत डोंगराकडच्या बोलीत विचारलं, “तू कुणाची गं?”

स्वानंदी घाईनं वाकली. “आजी, या इंडियाच्या. पुण्याच्या.”

आजीनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

काकूंनी चिपळ्या खाली ठेवल्या.

“पुलाजवळच्या बेकरीवाल्या होल्झरची,” त्याच बोलीत, एका दमात त्या म्हणाल्या. “धाकटी, हानेलोरे. पुण्याच्या मुलाशी लग्न करून गेली ना, ती.”