खडूची रेघ

चार सिलिंडरांपैकी तीन कोरडे होते, चौथ्यात तांबूस पाणी होतं आणि ट्रॅक्टरचं इंजिन जाम होतं. खंडेनवमीला सायलेन्सरला हार घालताना सुवर्णाने त्यावरचा डबा काढला होता. तो पुन्हा घालायचा राहिला आणि परतीचा पाऊस आत गेला.

लकव्याने उजवा हात गेल्यापासून अण्णांनी हा बावन्न वर्षांचा ट्रॅक्टर लेकीवर सोपवला होता. दर अमावास्येला सुरू करायचा, एवढंच काम.

"आवाज नाही आला गं?" खाटेवरून अण्णांनी विचारलं.

"बॅटरी उतरलीय."

"हँडलवर चालतो तो. त्याला बॅटरी कधीपासून लागायला लागली?"

तिने खरं सांगितलं. अण्णा डाव्या हातावर रेटून उठून बसले.

"सिलिंडरांत डिझेल-ऑइल निम्मं-निम्मं ओत. पुलीवर खडूने रेघ मार. रोज हँडल दाबायचं, हिसका द्यायचा नाही. मोडलं तर भंगारच. एवढं शिकलीस ना? मग रेघ किती सरकते ते मोजत बस."

अकरा दिवस रेघ हलली नाही. बाराव्या दिवशी अण्णांनी खुर्ची ट्रॅक्टरजवळ न्यायला लावली आणि डावा हात तिच्या हातांवर ठेवला. दोघांनी हँडल दाबलं.

तिने पट्टी लावली. रेघ तीन मिलिमीटर सरकली होती.