पगारी पीएचडी

माझ्या धाकट्या नातीला पीएचडी करायची होती, पण दरमहा फेलोशिप मिळणार असेल तरच. रोज सकाळी लॅपटॉप उघडून जागा शोधत बसायची. ताऱ्यांवर अर्ज, समुद्रावर अर्ज, मुंग्यांवरसुद्धा. मी म्हटलं, "अगं, माझ्या साखरेच्या डब्यापाशी बस, पगार मी देते." त्यावर खुदकन हसली. पुढे पुढे मेंदूच्या आजारावरची जागा दिसली की मात्र न वाचताच पुढे सरकायची. कारण त्याच आजारात मी एके दिवशी तिलाच विचारलं होतं, "बाई, तू कोणाची गं?"

भान होतं तोवर मी घरात ठणकावून ठेवलं होतं, "मी गेले की माझा मेंदू संशोधनाला द्यायचा. मला चौथीतून काढली, आता डोकं तरी कॉलेजात जाऊ दे." माझा शब्द खाली पाडायची कोणाची छाती? दिला. तो कुठल्या लॅबमध्ये गेला ते घरच्यांना सांगत नाहीत, आणि बरणीवर नाव नसतं, नुसता नंबर.

धाकटीला सगळीकडून नकार आले. शेवटी मन घट्ट करून तिनं त्या आजारावरच्याच एका जागेला अर्ज केला आणि फेलोशिप नेमकी तिथेच मिळाली. पहिल्या दिवशी सरांनी कपाटातली एक बरणी आणायला सांगितली. तिनं हातमोजे घातले, बरणी अलगद उचलून उजेडात धरली आणि हळूच विचारलं, "कोणाचा असेल हो, सर?"

 

या खेपेला मी तिला लगेच ओळखलं.