उणे अठ्ठावीस

"उणे अठ्ठावीस," पाचही डिप्लोमावाल्यांनी एका सुरात सांगितलं.

साहेब खूश झाले. फळ्यावरचा प्रश्न त्यांचाच होता. चाळीस अंश गरम असं दहा लिटर पाणी, त्यात पाच किलो कोरडा बर्फ. हा बर्फ वितळत नाही, त्याची थेट वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता तो पाण्यातून ओढून घेतो. शेवटी पाणी किती अंशांवर येईल? बरोबर उत्तर देणाऱ्याला त्यांच्या कोरड्या बर्फाच्या कारखान्यातल्या शिफ्टचं प्रमुखपद.

पॅकिंगच्या मावशींना या पदाने दोनदा हुलकावणी दिली होती. पुढच्या वर्षी त्या निवृत्त होणार होत्या. आज नाही तर कधीच नाही.

"शून्य अंश," त्या म्हणाल्या. "आणि टबात साडेतीन किलोच्या आसपास साधा बर्फ."

खोलीत खसखस पिकली.

"मावशी, हा बर्फ कुठून आणलात?" साहेबांनी विचारलं.

"उणे अठ्ठावीसचं पाणी ओतणार कसं, साहेब? शून्यावर आलं की ते गोठायलाच लागणार. तिथून पुढचा हिशेब मी वेगळा मांडला."

"मग करूनच बघू!" साहेब इरेला पेटले.

अंगणात टब आला. मोजून पाणी, मोजून कोरडा बर्फ. पांढरे लोट पायरीपर्यंत आले आणि सगळ्यांची पावलं दिसेनाशी झाली. मावशी मात्र जागच्या हलल्या नाहीत. पाऊण तासाने बुडबुडे थांबले. तापमापी शून्यावर होती. एका डिप्लोमावाल्याने मुकाट्याने बर्फ उचलून काट्यावर ठेवला. तीन किलो सातशे.

"दोनशे ग्रॅम चुकले," मावशी ओशाळून म्हणाल्या.

या वेळी कुणी हसलं नाही. साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. नऊ वर्षं ते हाच प्रश्न घालत होते आणि उणे अठ्ठावीसला पैकीच्या पैकी गुण देत होते. पण माणूस दिलदार. त्यांनी शिफ्टच्या किल्ल्या मावशींच्या हातात ठेवल्या.

"शिफ्ट तुमची. पण हे तुम्हाला सुचलं कसं?"

मावशींचा आनंद गगनात मावत नव्हता.

"सूत्र सुनेनं शिकवलं, साहेब. पण रोज उरलेला माल धुण्याच्या टबात ओतायला सांगून तुम्ही घरी जाता ना, त्या टबातला बर्फ अठरा वर्षं मीच फोडतेय."